अण्णांचे केशरी हात

केशवअण्णा उभ्या उभ्या झोपत असत. कोपऱ्यात भिंतीला टेकून वगैरे नव्हे, तर भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, डोळे सताड उघडे ठेवून. आमची पहिली भेट झाली तीही अशीच झोपेत. म्हणजे झोपेत ते होते, मी जागा होतो.

मी तेव्हा नुकताच शाळामास्तर म्हणून नाशकात आलो होतो आणि रविवार कारंज्याच्या आसपास खोली शोधत होतो. अण्णांच्या सोडावॉटरच्या दुकानावर एक खोली रिकामी असल्याचं कुणीतरी सांगितलं, म्हणून भर दुपारी तिथे गेलो. दुकानात एक उंच, काटकुळा माणूस गॅसच्या यंत्राचं चाक फिरवत होता आणि यंत्राच्या पिंजऱ्यात गोटीच्या बाटल्या गरगरत होत्या. मला पाहताच तो म्हणाला, "या, या. लेमन घेणार की..." आणि थांबला. नजर माझ्यावरच होती. हात चाक फिरवतच होता. पण पुढचा शब्द काही येईना. मी घाम पुसला, टोपी काढली, पुन्हा घातली. तेवढ्यात आतून एक ठेंगण्या बाई आल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बसा हो. येतील एवढ्यात."

"कोण येतील?"

"हेच. झोपलेत."

मी बाकावर बसलो. बाईंनी पाणी दिलं, मी कुठला, लग्न झालंय का, जेवणाची सोय कुठे, सगळं विचारून घेतलं, खोलीचंही ठरवून टाकलं. मग त्या माणसाच्या पापण्या हलल्या आणि त्याने वाक्य पुरं केलं, "...जिंजर?"

हे केशवअण्णा, आणि त्या सरूवहिनी. पुढे मी त्यांच्या माडीवर बरीच वर्षं राहिलो.

अण्णांचा सोडा त्या भागात नावाजलेला होता. बाटलीच्या तोंडाशी अडकलेली गोटी अंगठ्याने दाबली की असा आवाज निघे की समोरच्या पिंपळावरचे कावळे उडत. लग्नकार्यं, सभा, देवळालीच्या छावणीतले गोरे सोजीर, गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, श्राद्धाला आलेले आणि वर यथास्थित जेवलेले यजमान, सगळ्यांना अण्णांचाच सोडा लागे. आणि हे सगळं अण्णा एकटे करत. बाटल्या धुणं, पाक करणं, गॅस भरणं, खोकी रचणं, विकणं, रिकाम्या बाटल्यांसाठी लोकांच्या मागे लागणं, सगळं एकटे. "माझ्या हाताशिवाय गॅस चढत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते फुशारकीने म्हणत नसत. आपल्याला दमा आहे हे एखाद्याने सांगावं, तसं सांगत.

मदतीला माणसं नव्हती असं नाही. दगडू नावाचा एक चांगला धट्टाकट्टा गडी होता, तो सोडून गेला. का गेलास म्हणून मी त्याला बाजारात विचारलं, तर म्हणाला, "काय करू मास्तर? मी बाटली उचलली की ते म्हनत, राहू दे. झाडू घेतला की म्हनत, आन इकडं. मला कामच नाय. बसून बसून माझी कंबर धरली." खोकी पोचवायला टांगेवाले रज्जाकभाई होते, पण त्यांना फक्त खोक्याला हात लावायची मुभा होती, बाटलीला नाही. खुद्द वहिनी लग्न झाल्यापासून दुकानात राबल्या होत्या. पण त्या बाटली उजवीकडून डावीकडे घासतात असा शोध अण्णांना लागला आणि त्यांचीही रवानगी स्वयंपाकघरात झाली.

कुणीही हाक मारली, "अण्णा!" की ते "आलो, आलो!" म्हणत. हाक कुणाची, कशासाठी, हे मागाहून पाहत. रस्त्यावरून दुसऱ्याच एखाद्या अण्णाला कुणी हाक मारली तरी हे दुकानातून "आलो" म्हणून बाहेर. देवळात आरती चालू असताना मागून कुणी "अण्णा, सरका" म्हणालं, तर "आलो, आलो!" म्हणत हे थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेले होते.

दिवसेंदिवस हा प्रकार वाढत चालला. शेजारच्या बारशाला अण्णांना बोलावलं होतं. कौतुकाने कुणीतरी पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली. अण्णांनी दोरी धरली, त्यांची नजर स्थिर झाली आणि त्यांनी तो पाळणा झुलवण्याऐवजी यंत्राच्या चाकासारखा गोल फिरवायला घेतला. बायका किंचाळल्या. आत्याबाईंनी झडप घालून बाळ उचललं. बाळ मात्र हसत होतं, असं वहिनी शेवटपर्यंत सांगत. आणखी एकदा आम्ही दोघं एका ओळखीच्या गृहस्थांकडे समाचाराला गेलो होतो. त्यांचे वडील गेले होते. अण्णा त्यांच्याजवळ बसले, खांद्यावर हात ठेवला, मोठा सुस्कारा सोडला आणि अतिशय हळव्या आवाजात विचारलं, "लेमन घेणार की जिंजर?" त्या बिचाऱ्यांनाही सवय असावी. ते हुंदका आवरत "जिंजर" म्हणाले.

आम्ही हसत होतो. सगळा रविवार कारंजा हसत होता. पण अण्णा हसायचे थांबले होते, हे आधी वहिनींच्या लक्षात आलं. पूर्वी ते म्हणे प्रत्येक गिऱ्हाइकाला गोष्ट सांगत. लेमनला लहान गोष्ट, जिंजरला मोठी, असा हिशेब. मी आलो तेव्हा गोष्टी बंद झाल्या होत्या. जेवताना ताटाकडे बघत बसत. वहिनींनी मीठ विसरलेली आमटी मुद्दाम वाढून पाहिली, तीही मुकाट्याने संपवली.

एके दुपारी एक म्हातारी नवऱ्याच्या पोटदुखीसाठी सोडा न्यायला आली आणि "ताजा आहे ना रे बाबा?" एवढंच म्हणाली. अण्णा तिच्यावर असे ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली. म्हातारी गेली. मी खाली आलो तर अण्णा पाण्याच्या हौदाआड उकिडवे बसून रडत होते. मला पाहून म्हणाले, "मास्तर, मी असा नव्हतो हो." मी नुसता शेजारी बसलो. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी "अण्णा!" म्हणून हाक मारली आणि ते डोळे पुसत "आलो, आलो" म्हणत उठले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाटली फुटली. सोड्याच्या धंद्यात बाटल्या फुटतातच. म्हणून गॅस भरताना यंत्रावर ओलं गोणपाट टाकायचं असतं. अण्णांनी आयुष्यात कधी ते चुकवलं नव्हतं. त्या दिवशी गोणपाट त्यांच्या खांद्यावरच राहिलं. नेमक्या वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. काच त्यांच्या भुवईला चाटून गेली. आणखी बोटभर खाली असती तर डोळा गेला असता. वहिनींनी पदराने रक्त दाबलं आणि म्हणाल्या, "चहा सांडला. दुसरा करते." अण्णांनी खांद्यावरचं गोणपाट काढून आता यंत्रावर टाकलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग दुकान पाहिलं. म्हणाले, "औषध नाही. यांना इथून हलवा."

म्हणून अण्णांची रवानगी येवल्याला बहिणीकडे झाली. मेहुण्यांचा पैठणीचा माग होता. घर शांत, माणसं मायाळू. आम्ही सगळ्यांनी मोटारीपर्यंत पोचवलं. वहिनींनी निःश्वास सोडला. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी अण्णा परत हजर, सोबत त्यांची बहीण. बहीण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधीच बोलू लागली, "सरू, हा तुझा नवरा तुझ्या ताब्यात घे. आल्या आल्या याने माग खिडकीकडे सरकवायला लावला. मग म्हणाला, रेशमाच्या कांड्या मी भरतो, तुम्हाला जमत नाही. एवढा गुंता करून ठेवलाय की माझे मालक कालपासून जेवले नाहीत. नुसते गुंत्याकडे बघतायत."

"मी मदत करत होतो," अण्णा म्हणाले.

"तू विश्रांतीला आला होतास!"

"हो, ते झाल्यावर विश्रांतीच घेणार होतो."

अशा सगळ्या वाटा बंद झाल्या आणि रंगपंचमी आली.

नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात. गल्लीच्या मधोमध जमिनीत बांधलेला दगडी हौद म्हणजे रहाड. वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेली असते, वरून गाड्या जातात. त्या दिवशी ती उघडायची, फुलं उकळून केलेल्या रंगाने भरायची आणि काठावरून तिच्यात धपकन उडी घ्यायची, याला धप्पा म्हणतात. आमच्याकडच्या रहाडीचा रंग केशरी होता आणि असा पक्का, की पाडव्यालाही लोकांच्या कानामागे दिसे.

अण्णा काही रंग खेळायला गेले नव्हते. उन्हाळा तोंडावर आलेला, हंगामाची घाई. रहाडीवर गर्दी असते, सोडा खपतो, म्हणून रज्जाकभाईंच्या टांग्यातून खोकी घेऊन गेले होते. मीही बरोबर होतो. अण्णांनी एक खोकं उतरवलं, ते काठाजवळ ठेवलं, पाठ सरळ केली आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागला. उघडाच लागला, त्यामुळे कुणाला कळलं नाही. उडी मारणाऱ्यांची रांग त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. जरा वेळाने मागचा पैलवान कंटाळून ओरडला, "अण्णा, मारताय का धप्पा?"

"आलो, आलो!" म्हणाले अण्णा, आणि एक पाऊल पुढे टाकलं.

रज्जाकभाई ओरडले, "या अल्ला, अण्णा गये!" मी काठाशी धावलो. केशरी पाण्यावर आधी टोपी वर आली. मग अण्णा आले. नाकातोंडातून रंग गळत होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसायला लागले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. हसता हसता पुन्हा बुडाले, पुन्हा वर आले. आम्ही हात पुढे केला तर म्हणाले, "थांबा हो मास्तर. गार आहे आत. जरा बसतो." आणि त्या धुमश्चक्रीत, डोक्यावरून माणसं उड्या मारत असताना, हा गृहस्थ हौदाच्या कोपऱ्यात गळ्यापर्यंत बुडून बसला. उन्हं कलेपर्यंत बसला.

साहजिकच अण्णा मुरांब्यासारखे मुरले. दुसऱ्या दिवशी साबण झाला, राख झाली, दही, बेसन, लिंबू झालं. दुकानातली निम्मी लिंबं अण्णांच्या अंगावर खर्ची पडली. चेहरा जरा निवळला, पण हात कोपरापर्यंत केशरी. त्या हातांनी त्यांनी बाटल्या धुवायला घेतल्या आणि हौदातलं पाणी केशरी झालं. पहिलंच गिऱ्हाईक साधा सोडा मागणारं होतं. त्याने बाटली उजेडात धरली. "अण्णा, हे काय आहे?"

अण्णांनीही बाटली पाहिली. "ऑरेंज," ते म्हणाले.

तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. भुवईवरची जखम अजून ओली होती. पदर खोचून त्या यंत्रापुढे उभ्या राहिल्या. "अहो, हात स्वच्छ होईपर्यंत दुकानात पाय टाकायचा नाही."

"अगं पण हंगाम..."

"मी आहे, रज्जाकभाई आहेत. दगडूला निरोप धाडलाय."

"माझ्या हाताशिवाय गॅस..."

"तुमचे हात वर माडीवर मास्तरांकडे घेऊन जा."

अण्णा माझ्या खोलीत राहायला आले. पहिले काही दिवस ते खिडकीतून खाली सूचना देत होते. "दगडू, गोणपाट!" "सरू, उजवीकडून नको!" मग वहिनींनी खालूनच बांबूला बांधून एक छत्री खिडकीपुढे उभी केली. मग ते खाटेवर बसून राहिले, पण उजवा हात हवेत गोल फिरतच होता. मी वह्या तपासत असे आणि समोर हा हात, नसलेलं चाक फिरवतोय. शेवटी मी त्या हातात पंखा दिला. मला वारा तरी मिळाला.

आणि मग एके दिवशी अण्णा झोपले. आडवे, डोळे मिटून, माणसासारखे. सकाळी शाळेत जाताना झोपलेले पाहिले, संध्याकाळी आलो तरी झोपलेलेच. असा घोरण्याचा आवाज मी जन्मात ऐकला नाही. खाली गिऱ्हाइकं वर बघून विचारत, "वहिनी, नवीन यंत्र घेतलं का?" मध्ये उठत, भाकरी खात, पुन्हा झोपत.

झोप पुरी झाल्यावर आम्ही गंगेवर फिरायला जाऊ लागलो. अण्णा केशरी हात हलवत चालत आणि वाटेत कुणी भेटलं की गोष्ट सांगत. मला हे नवीनच होतं. लोक माघारी येऊन ऐकत. दुकानाकडे त्यांचं लक्ष नव्हतं असं नाही. दगडूने एकदा साखर न घालताच लेमन भरलं, चार बाटल्या फुटल्या, बाई दुकानात बसते म्हणून दोन शहाण्यांनी नाकं मुरडली. प्रत्येक बातमीला अण्णा उठून बसत. मग थोड्या वेळाने विचारत, "पण दुकान चालू आहे ना?" चालू आहे म्हटलं की पुन्हा आडवे होत.

आता मला एक गोष्ट खटकू लागली होती. रहाडीत उडी मारणारे सगळे एव्हाना गोरेकाळे जसे होते तसे झाले होते. अण्णांचे हात मात्र रोज सकाळी टवटवीत केशरी. एकदा मी शाळेतून लवकर परतलो. अण्णा माझ्या आरशापुढे पाट मांडून बसले होते. पुढ्यात वहिनींचा हळदीचा डबा, एका वाटीत कुंकू, आणि अण्णा तल्लीन होऊन दोन्ही एकत्र कालवून कोपरापर्यंत लेप देत होते.

"अण्णा!"

या खेपेला ते "आलो" म्हणाले नाहीत. ओशाळून म्हणाले, "मास्तर, सरूला सांगू नका. अजून थोडे दिवस."

"पण दमलोय म्हणून सरळ सांगा की!"

"तसं कसं सांगायचं?" त्यांनी खरोखरच नवलाने विचारलं. "दमलो म्हणून दुकान कोण बंद ठेवतं? हात रंगलेत म्हटलं की लोकांना पटतं."

जिन्यात बांगड्या वाजल्या. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी डब्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. अण्णांनी हात पाठीमागे लपवले, त्यामुळे सदराही रंगला.

"वाण्याकडून दोनदा हळद आणली," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, मास्तर खातायत की काय."

अण्णा खाली मान घालून म्हणाले, "सरू, मला भीती वाटते गं. खाली गेलो की पुन्हा तसाच होईन. त्या दिवशी तुझा डोळा गेला असता."

वहिनी पाटासमोर खाली बसल्या. त्यांनी अण्णांचे हात पुढे ओढले आणि आपल्या पदराने पुसायला लागल्या. पदर चांगला होता, मला वाईट वाटलं. "सकाळचं दुकान तुमचं," त्या पुसता पुसता म्हणाल्या. "दुपारनंतर माझं आणि दगडूचं. तुम्ही जेवून आडवं व्हायचं. सोमवारी दुकान बंद."

"सोमवारी का?"

"कारण मला बहिणीकडे जायचं असतं. तुम्ही एकटेच दमता का?"

अण्णांनी पुसलेला हात उलटून पाहिला. "आणि बाटल्या?"

"मी डावीकडूनच घासेन."

"नको," अण्णा म्हणाले. "घास कशीही."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पुढच्याच उन्हाळ्यात अण्णा एका सोमवारी मागच्या दाराने दुकानात शिरलेले सापडले. वहिनींनी बाहेरून कडी घातली आणि खरंच बहिणीकडे निघून गेल्या. दिवसभर अण्णा आत आणि आम्ही गजांतून त्यांना पोळ्या देत होतो. पण उभ्याने झोपणं गेलं. गोष्टी परत सुरू झाल्या. त्या म्हाताऱ्या आजींना शोधून त्यांच्या घरी अण्णा स्वतः जाऊन आले, आणि आजींनीच त्यांना ताक पाजून पाठवलं.

पुढे माझी नांदगावला बदली झाली. लग्न झालं, शाळा वाढली, मीही कामात बुडालो आणि नाशिक सुटलं. एका रविवारी संध्याकाळी दारात टांगा थांबला आणि वळकटी घेऊन अण्णा उतरले. ऐन उन्हाळा, सोड्याचा हंगाम. मी धावत जाऊन विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

"ठणठणीत. उद्या सोमवार. ती बहिणीकडे गेली, मी इकडे आलो."

जेवणं झाली. अण्णांनी माझ्या बायकोला दोन लांबलचक गोष्टी सांगितल्या. सोमवारी दिवसभर ओसरीवर पडून राहिले, मांजराशी बोलले, कैरीचं पन्हं प्याले, आणि संध्याकाळच्या गाडीने जायला निघाले. मी स्टेशनावर पोचवायला गेलो. राहवेना म्हणून शेवटी विचारलंच, "अण्णा, खरं सांगा, काम काय काढलं होतं?"

"कामच नव्हतं," अण्णा म्हणाले. "म्हणून तर आलो. काम असतं तर पत्र टाकलं असतं."

गाडी हलली. डब्याच्या दारातून ते ओरडले, "मास्तर, तुम्हीही या काही काम नसताना!"

मी "येतो, येतो" म्हणालो. शाळेची तपासणी होती, मग परीक्षा होत्या, मग नवं वर्ष. जायचं राहून जात होतं. शेवटी एका सोमवारी बायकोनेच माझी पिशवी भरून दारात ठेवली, आणि मी नाशिकची गाडी पकडली.